तात्पर्य, बोध आणि मध्यवर्ती विचार : शालेय गद्यवाचनासंबंधी एक टिपण

मराठीच्या शालेय प्रश्नपत्रिकेत एखादा उतारा देऊन त्याखाली ‘मध्यवर्ती कल्पना लिहा’, ‘सारांश लिहा’ किंवा ‘योग्य शीर्षक द्या’ असे विचारण्याची प्रथा जुनी आहे. प्रश्न काढणारा, उत्तर लिहिणारा आणि उत्तर तपासणारा या तिघांनाही या प्रश्नाचा अर्थ एकच वाटत असावा, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुतः तसे नाही. पाचवी ते आठवीच्या वर्गांतील उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना हे सांगावयास नको की, या एका प्रश्नाच्या उत्तरादाखल मुले तीन निरनिराळ्या वस्तू आणून ठेवतात. कोणी उताऱ्याचा विषय सांगतो, कोणी उताऱ्यातून घ्यावयाचा बोध सांगतो, आणि क्वचित् एखादा उताऱ्यात प्रतिपादलेला विचार सांगतो. शिक्षक बहुधा तिन्ही उत्तरांना थोडेफार गुण देतात. त्यामुळे मुलाला आपण काय आणून दिले आणि मागितले काय होते, हे अखेरपर्यंत कळत नाही.

बहिणाबाई चौधरींची ‘मन’ ही कविता घ्यावी. खानदेशातील मुलांना ती परकी नाही. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली तेव्हापासून ती महाराष्ट्रभर परिचित आहे. या कवितेची मध्यवर्ती कल्पना कोणती, असे विचारल्यास ‘मन’ हे एक उत्तर येते. तो विषय झाला. ‘मनाला आवर घालावा’ हे दुसरे उत्तर येते, आणि ते सर्वांत लोकप्रिय असते. तो बोध झाला, आणि तोही कवितेत नसलेला. कवयित्री मनाच्या परस्परविरोधी लीला एकामागून एक सांगत जाते आणि असे मन घडलेच कसे, या विस्मयापाशी थांबते. आवर घालण्याचा उपदेश ती करीत नाही. तो मुलाने आपल्या पदरचा घातला आहे, कारण प्रत्येक पाठाच्या शेवटी काही तरी उपदेश असतोच अशी त्याची समजूत झालेली आहे.

ही समजूत आली कोठून, याचा शोध एका शब्दाच्या इतिहासात लागतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून इसापाच्या गोष्टी मराठी मुलाच्या वाचनाच्या आरंभीच उभ्या आहेत. गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ हा शब्द आणि त्यापुढे एक नीतिवाक्य, ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तात्पर्य म्हणजे गोष्टीच्या शेवटी जोडलेला उपदेश असाच अर्थ आज बहुतेकांच्या मनात आहे. परंतु या शब्दाची मूळची प्रतिष्ठा निराळी होती. ‘तत्पर’ या शब्दापासून तो साधला आहे. जे वाक्य किंवा जो ग्रंथ ज्या अर्थाकडे लागलेला असतो, ते त्याचे तात्पर्य. आरंभापासून अखेरपर्यंत सारी रचना जिकडे ओढ घेते ती दिशा असा त्याचा आशय असून, शेवटी चिकटविलेल्या वाक्याचा त्याच्याशी संबंध नाही. मीमांसकांनी ही दिशा ओळखण्यासाठी सहा खुणा सांगितल्या: उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ग्रंथ कसा सुरू होतो व कोठे संपतो, कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगतो, अन्यत्र न कळणारे असे काय सांगतो, त्यातून काय घडून येते, कशाची स्तुती वा निंदा करतो आणि कोणती युक्ती देतो, हे पाहून मग त्याचे तात्पर्य ठरवावे, अशी ही पद्धती आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात लोकमान्य टिळकांनी या कसोट्यांचे विवेचन केले आहे. वाचनाचे इतके सूक्ष्म शास्त्र ज्या परंपरेत होते, त्याच परंपरेतील एक शब्द शाळेत येऊन नीतिवाक्याचा पर्याय होऊन बसला, ही गोष्ट केवळ शब्दकोशाच्या कक्षेतील नाही. तिचा परिणाम रोजच्या वर्गात दिसतो.

तो कसा दिसतो हे पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे, त्यांनी बंदिवानांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती लिहून घेतली, आणि म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला लाभला. श्रोत्यांत विद्वान थोडे आणि सामान्य कार्यकर्ते व कैदी पुष्कळ, अशी ही सभा असल्याने निवेदनात शास्त्रार्थाचा बोजा नाही. घरगुती दृष्टान्त मात्र विपुल आहेत. मराठीत इतक्या साध्या वाक्यांतून इतका सलग विचार मांडणारे गद्य फार नाही, आणि म्हणून शालेय वाचनाच्या परीक्षेला ते उत्तम साधन ठरते.

पहिल्या प्रवचनात न्यायाधीशाचा एक दृष्टान्त आहे. तो आपल्या शब्दांत असा सांगता येईल. एका न्यायाधीशाने शेकडो अपराध्यांना फाशीची शिक्षा दिली होती. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपावरून त्याच्यासमोर उभा राहिला, आणि आरोप सिद्धही झाला. तेव्हा न्यायाधीश फाशीच्या शिक्षेविरुद्ध युक्तिवाद करू लागला. ही शिक्षा माणुसकीला धरून नाही, तिने गुन्हेगार सुधारण्याची आशाच संपते, असे तो म्हणू लागला. मुलगा समोर आला नसता तर तो मरेपर्यंत बिनदिक्कत फाशीच्या शिक्षा देत राहिला असता. दृष्टान्त येथे संपतो. विनोबांना सांगावयाचे आहे ते अर्जुनाविषयी. युद्धात हिंसा आहे, कुलक्षय आहे, पाप आहे, हा अर्जुनाचा युक्तिवाद त्याच्या अहिंसेतून आलेला नसून स्वजनांच्या आसक्तीतून आलेला आहे. गीतेचे प्रयोजन हा स्वधर्माआड येणारा मोह दूर करणे हे आहे.

समजा, देवपुरातील एखाद्या शाळेच्या सातवीच्या वर्गापुढे एवढाच दृष्टान्त उतारा म्हणून ठेवला आणि मध्यवर्ती विचार विचारला. अनुभवी शिक्षकाला येणारी उत्तरे आधीच सांगता येतील. ‘एक न्यायाधीश व त्याचा मुलगा’ हे एक. ‘फाशीची शिक्षा देऊ नये’ हे दुसरे, आणि हुशार मुले बहुधा हेच लिहितील, कारण उताऱ्यातील सर्वांत ठाशीव वाक्ये फाशीच्या शिक्षेविषयीचीच आहेत. ‘न्यायाधीशाने पक्षपात करू नये’ हे तिसरे. यांपैकी पहिले उत्तर विषय सांगते. दुसरे उत्तर उताऱ्यातील एका पात्राचे मत लेखकाच्या माथी मारते. शिवाय लेखक ते मत खरे की खोटे याची चर्चाच करीत नाही. ते मत बरोबर असूनही ते उच्चारण्यामागील कारण खोटे असू शकते, हे त्याला दाखवावयाचे आहे. तिसरे उत्तर बोधाच्या शोधात योग्य दिशेने निघून निम्म्या वाटेवर थांबते. आपली आसक्ती तत्त्वाचा वेष घेऊन बोलू लागते, एवढ्या मर्मापर्यंत क्वचितच एखादे मूल पोहोचेल.

या अपयशाचा दोष मुलाच्या माथी मारणे सोपे असले तरी न्याय्य नाही. उतारा कापून देणाऱ्याने उपक्रम आणि उपसंहार दोन्ही कापून टाकले आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. अर्जुनाच्या प्रश्नाने परिच्छेद सुरू होतो आणि अर्जुनाकडेच परत येतो. मधला दृष्टान्त त्या दोन टोकांमुळे अर्थवान होतो. टोके काढली की दृष्टान्ताला स्वतःचे तात्पर्यच उरत नाही, किंवा भलतेच तात्पर्य चिकटते. आपल्या प्रश्नपत्रिकांतील उतारे शब्दसंख्येच्या सोयीने तोडलेले असतात. दोनशे शब्द झाले की कात्री चालते. मीमांसकांनी ज्या दोन खुणांना सर्वांत आधी स्थान दिले त्याच आपण हिरावून घेतो, आणि मग मुलाला दिशा विचारतो. उताऱ्याच्या आधी दोन ओळींचा संदर्भ देण्याची साधी तसदी घेतली तरी पुष्कळ अन्याय टळेल.

शास्त्रदृष्ट्या आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दृष्टान्त हा काटेकोरपणे पाहता उपपत्तीचा भाग आहे. अर्थवाद म्हणजे स्तुती वा निंदा. पण मुलाच्या दृष्टीने दोहोंची जागा एकच: सिद्धान्ताला आधार देणारी. आधाराचा खांब आणि छप्पर यांत फरक करता येणे, हीच वाचनाची पहिली पायरी होय. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या स्वाध्यायांत हा फरक विचारणारे प्रश्न फार थोडे आढळतात. ‘न्यायाधीशाने किती जणांना फाशी दिली?’ या जातीचे प्रश्न मात्र मुबलक असतात.

परदेशांतील संशोधनाने या प्रश्नावर जो प्रकाश टाकला आहे तो आपल्या अनुभवाशी जुळतो. किंच आणि व्हान डाइक यांनी १९७८ साली असे मांडले की, वाचक मोठ्या मजकुराचा सार करताना काही ठरावीक क्रिया करतो. तो अनावश्यक तपशील गाळतो, अनेक वस्तूंना एका वर्गनामाखाली आणतो आणि अनेक विधानांच्या जागी एक व्यापक विधान रचतो. ब्राउन आणि डे या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली पाचवी, सातवी, दहावी आणि महाविद्यालय या पातळ्यांवरील विद्यार्थ्यांची सारांशलेखने तपासली. गाळण्याची क्रिया लहान मुलांनाही चांगली साधते. मजकुरात असलेले मुख्य वाक्य निवडणे त्यांना कठीण जाते. मजकुरात नसलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे सर्वांत कठीण असून ते वयाबरोबर फार सावकाश येते. त्यामुळे लहान मुले गाळतात आणि उरलेले उतरवून काढतात. आपल्याकडे ‘एक तृतीयांश सारांश’ म्हणून जे लिहिले जाते ते याहून वेगळे नाही. दर तिसरे वाक्य ठेवावे, बाकीची सोडावीत, आणि शब्द मोजावेत.

मुख्य वाक्य मजकुरात असतेच, आणि तेही परिच्छेदाच्या आरंभी असते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. स्कॉटलंडचे अलेक्झांडर बेन यांनी १८६६ च्या आपल्या रचनाशास्त्राच्या पुस्तकात परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने विषय सूचित करावा असा नियम घातला. लिहिणाऱ्यासाठी केलेला हा नियम पुढे वाचणाऱ्यासाठीही वापरला जाऊ लागला. १९७४ साली रिचर्ड ब्रॅडक यांनी इंग्रजीतील नामांकित नियतकालिकांतील निबंध तपासून पाहिले, तेव्हा असे मुख्य वाक्य परिच्छेदाच्या आरंभी येण्याचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास भरले. ज्या भाषेतून हा नियम आपल्याकडे आला तिच्याच लेखकांनी तो असा वाऱ्यावर सोडला आहे. मराठी निबंधकाराकडून तो पाळला जावा अशी अपेक्षा करण्यास मग कोणता आधार उरतो? आपला लेखक पुष्कळदा एखाद्या आठवणीने सुरुवात करतो, मध्ये विषय सोडून फिरतो आणि मुद्दा जाता जाता एखाद्या गौणवाक्यात सांगून मोकळा होतो. अशा गद्यात पहिली ओळ अधोरेखित करण्याची सवय लागलेले मूल हमखास फसते.

या ठिकाणी साने गुरुजींच्या लेखनाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात त्यांनी शिकविले, वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी मुलाच्या भावजीवनावर या पुस्तकाचे ऋण मोठे आहे, याविषयी वाद नाही. परंतु मध्यवर्ती विचार शोधण्याचे शिक्षण या दृष्टीने पाहता, शालेय वाचनात त्याचा जो अवलंब केला जातो तो फारसा उपकारक नाही. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला आई आपले लुगडे पसरून देते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप असे सांगते. हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे प्रसंगाचे मर्म पात्राच्याच तोंडून निघते. वाचकाला शोधावयास काही उरत नाही, आणि गुरुजींना ते उरवावयाचेही नव्हते. आई मुलाला सांगते आहे, तेथे आडपडदा कशाला? पण असेच पाठ वर्षानुवर्षे निवडले गेले की, मर्म सांगणारे वाक्य शेवटी कोणी तरी उच्चारीलच, असा मुलाचा ग्रह होतो. ज्या गुरुजींनी धुळ्यास विनोबांचे शोधक गद्य कागदावर उतरविले, त्यांच्याच स्वतःच्या गद्याने शाळेत शोधाची गरज कमी करावी, हा एक विलक्षण योग आहे. दोष गुरुजींचा नसून एकाच जातीचे पाठ पुनःपुन्हा निवडणाऱ्यांचा आहे. दोन्ही गद्ये एकाच इयत्तेत शेजारी शेजारी ठेवली असती तर मुलांना फरक आपोआप दिसला असता.

तर मग लहान मुलाला ही रचना करण्याची क्रिया शिकवावी कशी? नियम सांगून ती येत नाही. देवपूर व त्याच्या भोवतालच्या गावांतील पुष्कळ मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, आणि शाळेत पुस्तकी मराठी वाचली जाते. ही वस्तुस्थिती आपण आजवर अडचण म्हणूनच मोजली. मुलाच्या तोंडून अहिराणी शब्द निघाला की तो खोडून त्या जागी प्रमाण शब्द बसविणे हेच भाषाशिक्षण, असे मानणारे शिक्षक आजही आहेत. मध्यवर्ती विचाराच्या शिक्षणात मात्र हीच गोष्ट आपल्या हातातील सर्वांत मोठे साधन ठरू शकते. पुस्तक मिटवावे आणि मुलाला सांगावे की, न्यायाधीशाची ही गोष्ट घरी आजीला अहिराणीत सांगावयाची आहे. आजी मध्येच विचारील, ‘त्याले काय सांगनं शे?’ तिला उत्तर दे. पुस्तकातील वाक्ये येथे उतरवून काढता येत नाहीत, कारण ती दुसऱ्या भाषेत आहेत. गाळून उरलेले जोडण्याचा मार्ग बंद होतो आणि स्वतः वाक्य रचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय आजी वाचलेली नाही, तिला फाशीच्या शिक्षेवरील युक्तिवाद ऐकण्यात रस नाही. न्यायाधीश असे का बोलू लागला, हे ती विचारणारच. ‘पोऱ्या समोर आला म्हणून’ हे उत्तर मिळाले की मूल मर्माच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचले. मग तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहावयास सांगावे. लेखनाची शुद्धी पुढच्या तासाला पाहता येईल.

वर्गात अहिराणी न जाणणारी मुले असतात, त्यांचे काय, असा आक्षेप संभवतो. ज्याच्या घरी पावरा, गुजराती वा उर्दू चालते त्याने त्या भाषेत सांगावे. शिक्षकाला ती भाषा आली नाही तरी बिघडत नाही. त्याने नंतर लिहिलेले मराठी वाक्य तपासावयाचे आहे. ज्याच्या घरी प्रमाण मराठीच आहे, त्याची अडचण मात्र खरी आहे. त्याला पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी म्हणून दाखविण्याचा मोह आवरणार नाही. त्याच्यासाठी धाकट्या भावंडाला सांगण्याची कल्पना वापरता येईल, पण ती तितकी परिणामकारक नाही.

राहता राहिला उत्तर तपासण्याचा प्रश्न, आणि तोच सर्वांत बिकट आहे. आदर्श उत्तरात एकच वाक्य छापलेले असते. मार्गदर्शक पुस्तकांतून ते आधीच पाठ होते. याची प्रतिक्रिया म्हणून हल्ली असेही ऐकू येते की, प्रत्येकाचा अर्थ निराळा आणि सर्वच बरोबर. गीतेच्या व्याख्यात्यांचा इतिहास या दोन्ही मतांच्या विरुद्ध जातो. त्याच उपक्रमापासून, अर्जुनाच्या धनुष्य टाकून बसण्यापासून, टिळक निघाले आणि अखेरीस अर्जुन युद्धाला उभा राहिला या फलाकडे पाहून त्यांनी गीता कर्मयोगपर ठरविली. त्याच उपक्रमापासून विनोबा निघाले आणि त्यांनी मोहनिरसन हे प्रयोजन मानले. ही दोन उत्तरे एक नव्हेत, पण एकमेकांना तोडणारीही नव्हेत. दोघांनीही आपला आधार ग्रंथात दाखविला आहे. त्यांच्या पूर्वीच्या सांप्रदायिक टीकाकारांवर टिळकांचा आक्षेप होता तो त्यांनी निराळा अर्थ काढला एवढ्यासाठी नव्हता. अर्थ आधी ठरवून मग ग्रंथ त्याकडे ओढला, यासाठी होता. सातवीच्या उत्तरपत्रिकेला हीच कसोटी लावावी. ‘फाशीची शिक्षा देऊ नये’ असे लिहिणाऱ्याला विचारावे की, मुलगा समोर येण्यापूर्वी न्यायाधीश काय करीत होता, हे लेखकाने मग का सांगितले? उत्तर देता आले नाही तर ते वाक्य टिकत नाही. ‘माणूस आपल्या माणसापायी तत्त्वे शोधू लागतो’ असे लिहिणारा आणि ‘खरे बोलणेही चुकीच्या कारणासाठी बोलले जाते’ असे लिहिणारा, या दोघांनाही पूर्ण गुण मिळावेत, कारण दोघांनाही उताऱ्यातील प्रत्येक वाक्याचा हिशेब देता येतो.

पुस्तकरूपात ‘गीता प्रवचने’ची १०८ अधिकरणांत विभागणी केलेली असून प्रत्येकाला मथळा आहे. अधिकरण हा शब्दही मीमांसेचाच. त्याची अंगे पाच सांगितली जातात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. आपले शालेय उत्तर यांपैकी पहिल्या अंगावर थांबते, आणि बोध लिहिणारे मूल मधली तिन्ही ओलांडून आपल्या कल्पनेने संगती लावते. पूर्वपक्ष हा पूर्वपक्ष म्हणून ओळखणे तर कोणत्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे सांगितलेले दिसत नाही. न्यायाधीशाचे भाषण हा पूर्वपक्ष आहे एवढे कळले असते तर वर्गातील हुशार मुले चुकली नसती. मथळे झाकून एकेक अधिकरण आठवीच्या मुलांपुढे ठेवावे, त्यांच्याकडून मथळा लिहवून घ्यावा आणि नंतर छापील मथळा दाखवावा. कित्येक ठिकाणी छापील मथळा केवळ विषय सांगून थांबतो आणि एखाद्या मुलाचा मथळा त्याहून सरस ठरतो, असेही घडेल. तसे घडले तर फळ्यावर मुलाचाच मथळा राहू द्यावा.